‘नऊ तास झोपणारे लवकर जातात’ म्हणे! झोपेच्या बातम्या वाचायच्या कशा?

माहुलीकर (धागाकर्ता)

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज हिंडतोय. "संशोधनाने सिद्ध! जास्त झोपणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त." खाली लाल घंटा, जोडलेले हात आणि 'आपल्या माणसांना पाठवा'. सातारकर मंडळी आज्ञाधारक. रोज टेकडीवरच्या ‘चार भिंती’पर्यंत चढून येणारे पंचाहत्तरीचे एक काका आता गजर लावून पहाटे चारला उठतात, कारण त्यांची झोप नऊ तासांची व्हायची. आता दुपारी ताटावर पेंगतात.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, तेव्हा औषधपाण्याचं मला विचारू नका. पण 'अमुक करणाऱ्यांना तमुक होतं' आणि 'अमुक केल्यामुळे तमुक होतं' या दोन वाक्यांतलं अंतर झोपेच्या विषयात फार ठळक दिसतं, म्हणून हा धागा.

मेसेजमागचा अभ्यास मात्र खरा आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ साली लाखो लोकांकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली. त्यात रोज किती तास झोपता, हाही एक प्रश्न होता. पुढची सहा वर्षं कोण हयात आहे आणि कोण गेलं याची नोंद ठेवली. डॅनियल क्रिपके आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या सुमारे ११ लाख लोकांचा हिशेब २००२ साली छापला. सात तास झोपतो म्हणणाऱ्यांत मृत्यू सर्वांत कमी. त्याहून कमी झोपणाऱ्यांत जास्त, आणि आठ, नऊ, दहा तासवाल्यांतही जास्त. आलेख कढईसारखा: मध्ये खोल, दोन्ही कडा वर. पुढे इतर बऱ्याच अभ्यासांत असाच आकार दिसला. तेव्हा 'आकडे खोटे' म्हणून सुटका नाही.

पण नऊ तास झोपल्यामुळे माणूस आजारी पडतो, की आजार आत शिरलाय म्हणून तो नऊ तास झोपतो? की नोकरी गेली, मन खचलं, घरात एकटा पडला आणि त्यामुळे झोपही वाढली नि तब्येतही ढासळली? तिन्ही प्रकारांत आलेख हुबेहूब हाच येईल. बाण कुठून कुठे जातो ते आलेखावर छापलेलं नसतं.

बाण कसा फसवतो याचं माझं आवडतं उदाहरण झोपेतलंच आहे. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. ४७९ मुलांच्या आईवडिलांना विचारलं, की मूल दोन वर्षांचं होईपर्यंत रात्री त्याच्या खोलीत उजेड असायचा का? अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्के मुलांना पुढे मायनसचा नंबर लागलेला. झिरोचा दिवा असलेल्यांत ३४ टक्के. मोठा दिवा चालू ठेवलेल्यांत ५५ टक्के. पायरी-पायरीने वाढ! कुणीही म्हणेल, काढा तो दिवा. वर्ष व्हायच्या आत त्याच नियतकालिकात दोन वेगळ्या गटांनी लिहिलं, की आम्ही तपासलेल्या मुलांत असा संबंध दिसत नाही. त्यांना दिसलं ते वेगळंच. ज्या आईवडिलांना स्वतःला मायनसचा नंबर आहे, ते बाळाच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात. बहुधा रात्री उठल्यावर त्यांनाच दिसायला हवं म्हणून. आणि मायनसचा नंबर बऱ्याच अंशी घराण्यातून येतो. पहिल्या अभ्यासात आईवडिलांच्या चष्म्याचा हिशेबच धरलेला नव्हता.

तुमच्याकडे झोपेबद्दल असं काही ऐकलं असेल तर टाका इथे. बाण कुणीकडे आहे ते बघू.

वारणाकाठ

सर, माझंच घ्या. उसाला रातीची लाईट असती तवा दारं धराया, म्हंजी पाणी पाजाया, जावं लागतं. रातभर जागरण, वर बिबट्याचं भ्या. मागल्या साली बीपी निघालं. डॉक्टर म्हणलं झोप पुरी करा. आता मला सांगा, बीपी जागरणानं आलं, का तंबाखूनं, का सोसायटीच्या कर्जानं? आणि आमच्यात कमी झोपणारा शेतकरी म्हंजी कोण? ज्याच्यात पाणी हाय, ऊस हाय, त्यो. जिरायतवाला बिचारा घरी निवांत झोपतोय की. मग तुमच्या कागदावर बागायतदार मरणार आणि जिरायतवाला जगणार का?

माहुलीकर

दादा, पेपरला हाच प्रश्न घालतो आता. तुम्ही म्हणता ती तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. संशोधक ती सोडवायला 'समायोजन' करतात. म्हणजे तंबाखू खाणाऱ्यांची तुलना तंबाखू खाणाऱ्यांशीच, पन्नाशीतल्यांची पन्नाशीतल्यांशी, असे गट पाडून मग झोपेचा फरक बघायचा. बातमीत 'इतर घटक विचारात घेऊनही' असं जे वाक्य असतं ते हेच.

यात दोन गोम आहेत. पहिली, जे मोजलं त्याचंच समायोजन होतं. प्रश्नावलीत तंबाखू होती, कर्जाचा प्रश्न नव्हता, तर कर्ज झोपेच्या नावावर खपतं. दुसरी गोम सहसा कुणी सांगत नाही. समजा जागरणाने बीपी वाढतं आणि बीपीने हृदयविकार. आता मी 'बीपीही विचारात घेतलं' म्हणून ते हिशेबातून वजा केलं, तर जागरणाचा खरा परिणामच मी पुसून टाकला. जास्त घटक विचारात घेतले म्हणजे अभ्यास जास्त चांगला, असं समजू नका. कुठला घटक वाटेत बसलाय आणि कुठला मागून दोरी ओढतोय, हे आधी ठरवावं लागतं. ते काम संगणक करत नाही.

बिबट्याचं भ्याही बीपी वाढवत असणार, पण ते कुठल्याच प्रश्नावलीत सापडायचं नाही.

तुमच्या शेतात मात्र एक सोन्यासारखी गोष्ट आहे. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने येते ना? ती पाळी तुमच्या कर्जाकडे बघून ठरत नाही, तंबाखूकडे बघूनही नाही. माणूस तोच, घर तेच, जेवण तेच. बदलतं ते रात्रीचं पाणी आणि त्यासोबतचं जागरण. तेव्हा दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात आणि रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात त्याच माणसांचं बीपी मोजलं, तर तुलना कितीतरी स्वच्छ होते. कर्ज दोन्ही आठवड्यांत तेवढंच असतं.

तंबोरा_मिरज

मी मिरजेत फिजिशियन आहे, दवाखान्यात बसून जे दिसतं ते लिहितो.

"डॉक्टर, हल्ली फार झोप येते" म्हणून येणाऱ्यांत मला काय सापडतं? हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड मंदावलेलं, हृदय थकलेलं, नैराश्य, ॲलर्जीच्या किंवा मनाच्या गोळ्यांची गुंगी. आणि झोपेत श्वास अडकणारे घोरणारे लोक. ते रात्रभर अंथरुणात असतात पण झोप तुटत राहते, म्हणून सकाळी उठवत नाही. प्रश्नावलीत हे सगळे 'नऊ तास' अशी खूण करणार, आणि यांच्यातले काही लवकर जाणार. झोप इथे धूर आहे. आग दुसरीकडे आहे.

तेव्हा त्या काकांचा गजर आधी काढा. वर्षानुवर्षं नऊ तास झोपत असतील आणि उठल्यावर ताजेतवाने असतील, तर तेवढी त्यांची गरज आहे. पण सात तासांची झोप दोन-चार महिन्यांत नऊ-दहावर गेली असेल, तर तपासून घ्यायला हवं.

कमी झोपेच्या बाजूलाही उलटा बाण असतो. २०२१ साली 'व्हाइटहॉल टू' अभ्यासातून एक निष्कर्ष आला. ब्रिटनमधले सरकारी नोकर, जवळपास आठ हजार, २५ वर्षं पाठपुरावा. पन्नाशी, साठी आणि सत्तरीत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण ३० टक्के जास्त. बातम्या आल्या, 'कमी झोपाल तर विसराल'. पण डिमेन्शियात मेंदूतले बदल लक्षणं दिसायच्या दहा-वीस वर्षं आधी सुरू होतात आणि झोप बिघडणं हा त्यांचाच भाग असू शकतो. सत्तरीत झोप मोजून पंच्याहत्तरीत डिमेन्शिया निघाला, तर आधी काय आलं हे सांगता येत नाही. म्हणूनच त्या अभ्यासात पन्नाशीचा आकडा मोलाचा. बहुतेकांचा आजार त्यानंतर पंचवीस-एक वर्षांनी निघाला. इतक्या आधीची झोप आजाराने बिघडवली असेल ही शक्यता कमी होते. संपत नाही.

जाता जाता, '३० टक्के जास्त' ऐकून घाबरू नका. समजा शंभरात सहांना होणार असेल, तर तीस टक्के वाढ म्हणजे शंभरात आठ.

शंकासुर

वा वा. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, झोपा वाटेल तसं! सर, 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे सिगारेट कंपन्यांचं लाडकं वाक्य होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वाक्याच्या आडोशाने किती वर्षं धंदा केला त्यांनी. सिगारेटवर तरी कुठे प्रयोग झाला होता, की निम्म्या लोकांना चिठ्ठ्या टाकून ओढायला लावलं?

माहुलीकर

शंकासुर, तुमची वाटच बघत होतो.

मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि आमच्या जातभाईंना लाज आणणारा आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडायची पद्धत ज्यांनी संशोधनात रुजवली, ते रोनाल्ड फिशर. संख्याशास्त्राचे बापच. ते स्वतः पाईप ओढायचे आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले, की धूम्रपानाची ओढ आणि फुप्फुसाचा कर्करोग दोन्ही जनुकांतूनच येत असतील. तर्क म्हणून ते अशक्य नव्हतं. पण रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली रुग्णांचा अभ्यास छापला, १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला, आणि पुरावे चहूबाजूंनी येऊन एकाच ठिकाणी पोचले. जास्त ओढणाऱ्याला जास्त धोका. सोडणाऱ्याचा धोका उतरतो. संबंधही एवढा तगडा, की तो सगळा जनुकांच्या माथी मारायचा तर ते जनुक केवढं जबरदस्त असायला हवं! हिल यांनी १९६५ च्या भाषणात कारण ओळखायचे नऊ निकष मांडले. त्यांतला खरोखर अटळ एकच: कारण आधी, परिणाम नंतर. बाकीचे आठ वजन वाढवतात.

म्हणजे 'प्रयोग नाही म्हणून काहीच कळत नाही' ही पळवाट झाली. आता हीच फूटपट्टी झोपेला लावा. कढईच्या दोन कडांचं वजन सारखं निघत नाही.

कमी झोपेवर प्रयोग झालेत, कारण लोकांना थोडे दिवस कमी झोपवता येतं. शिकागोत १९९९ साली ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं. त्यांच्या रक्तातली साखर हटायला वेळ लागू लागला, पुढे झोप भरून दिल्यावर सुधारणा झाली. २००३ साली छापलेल्या दुसऱ्या प्रयोगात ४८ जणांपैकी काहींना चार, काहींना सहा, काहींना आठ तास, असं सलग १४ दिवस ठेवलं. सहा तासवाल्यांचं लक्ष शेवटी इतकं ढळलं, की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांशी बरोबरी. आणि त्यांना स्वतःला फारशी झोप आल्यासारखं वाटतही नव्हतं! 'मला सहा तास पुरतात' म्हणणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना मी हे ऐकवतो. (ते पेंगत ऐकतात.)

जनुकांचा रस्ताही आहे. काहींच्या जनुकांतच थोडी कमी झोप लिहिलेली असते. ती गर्भातच ठरते, पुढच्या कर्जाने किंवा तंबाखूने बदलत नाही. ब्रिटनमधल्या लोकांच्या तब्येतीची आणि जनुकांची नोंद ठेवणाऱ्या ‘यूके बायोबँक’मधल्या चार लाखांहून जास्त लोकांवर २०१९ साली हा हिशेब झाला. साध्या तुलनेत सहा ते नऊ तासवाल्यांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत हार्ट अटॅक २० टक्के जास्त आणि जास्त झोपणाऱ्यांत ३४ टक्के जास्त. नुसते आकडे बघितले तर जास्त झोपच वाईट! पण जनुकांची कसोटी लावल्यावर त्यांनी 'कारण असू शकेल' असा निष्कर्ष काढला तो कमी झोपेबद्दल.

आणि जास्त झोप? माणसाला वर्षानुवर्षं साडेनऊ तास झोपवायचं कसं? तो जागा होऊन बसेल. त्यामुळे त्या कडेला पुरावा म्हणजे नुसती पाहणी, आणि डॉक्टरांनी सांगितलेला धूर.

तिसरी_पाळी

कारखान्यात आहे, नाव कशाला सांगू. गळीत हंगामात रात्रपाळी करतो. रात्रपाळीने कॅन्सर होतो असं वाचलं, खरं का? आमच्यात तर रात्रपाळीवालेच धट्टेकट्टे आहेत. ज्यांना शुगर निघाली, ज्यांचं पोट बिघडलं, ते साहेबांना सांगून केव्हाच दिवसपाळीला नाहीतर टाईम ऑफिसला गेले.

माहुलीकर

तुम्ही आत्ता जे लिहिलं त्यासाठी साथरोगशास्त्राच्या पुस्तकात वेगळं प्रकरण असतं. ज्यांना सोसत नाही ते गळतात, मागे सोसणारेच उरतात. मग आज कारखान्यात जाऊन कुणी पाहणी केली, तर रात्रपाळी तब्येतीला चांगली असा निष्कर्ष निघेल! खरं चित्र हवं तर पाळी कुणाची कधीपासून होती ते बघावं लागेल, आणि टाईम ऑफिसला गेलेल्यांनाही रात्रपाळीच्याच खात्यात धरावं लागेल.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ साली पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. 'बहुधा'वर लक्ष द्या. माणसांवरचा पुरावा मर्यादित आणि प्राण्यांवरचा भक्कम असेल, तेव्हा हा गट मिळतो. तंबाखू याच्या वरच्या गटात आहे, तिथे 'बहुधा' नाही. आणि हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका केवढा ते नाही.

घाटातला_धावपटू

यवतेश्वरच्या घाटात पळतो. मनगटावरचं घड्याळ रोज झोपेला मार्क देतं. ज्या रात्री मार्क कमी, दुसऱ्या दिवशी वेळ खराब. माझ्यापुरतं तरी हे कारणच की!

माहुलीकर

तुमच्या कमी मार्कांच्या रात्री कुठल्या? आदल्या दिवशी जास्त पळालात ती, शर्यतीची धाकधूक होती ती, मित्राच्या लग्नात उशीर झाला ती. मग दुसऱ्या दिवशीचे जड पाय झोपेचे, आदल्या धावण्याचे, की लग्नातल्या जेवणाचे? शिवाय सकाळी उठल्या उठल्या घड्याळाने 'चाळीस' दाखवलं, की माणूस आधीच हरतो. महिनाभर मार्क न बघता पळा आणि नंतर मार्क आणि धावण्याच्या वेळा जुळवून बघा.

सौ_शाहूपुरी

माझ्या सासूबाई बऱ्याच वर्षांपासून झोपेची गोळी घेतात. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं, की गोळी घेणारे लवकर जातात. परवापासून त्यांनी गोळी बंद केली आहे आणि रात्रभर जाग्या आहेत, हात थरथरतात. डॉक्टर, काय करू?

तंबोरा_मिरज

ताई, आधी फोन उचला आणि त्यांच्या डॉक्टरांशी आजच बोला. बरीच वर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद करायची नसते. काही प्रकारच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर थरथर, घबराट, क्वचित फिटसुद्धा येते. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

गोळी आणि मृत्यू यांचा संबंध त्या ११ लाखांच्या अभ्यासातही दिसला होता. पण गोळी कुणाला दिली जाते? ज्याला दुखणं आहे, दम लागतो, मन अस्वस्थ आहे, त्याला. मग दोष गोळीचा की ज्यासाठी गोळी दिली त्याचा, हे वेगळं काढणं फार कठीण. त्याच अभ्यासात 'मला निद्रानाश आहे' म्हणणाऱ्यांत मात्र मृत्यू जास्त दिसले नाहीत, हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

याचा अर्थ गोळी निर्धोक, असा नाही. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडतो, हे आम्ही जाणतो. म्हणून ती कमी करणं योग्यच, पण डॉक्टरांच्या हाताखाली.

शंकासुर

चला, कमी झोप वाईट हे तरी पक्कं झालं. मग झोप वाढवली की सगळं ठीक?

तंबोरा_मिरज

नाही ना! आमच्या क्षेत्राला इथेच ठेच लागली. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना सीपॅप नावाचं मशीन देतात, नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब. मशीन वापरणाऱ्यांत हृदयविकार कमी, असं जुन्या पाहण्यांत दिसलं होतं. मग 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, सरासरी ३.७ वर्षं. निकाल २०१६ साली आला. घोरणं कमी झालं, दिवसाची पेंग कमी झाली, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं, म्हणून असं झालं का, यावर अजून वाद आहे. पण एक विचार करा. जो माणूस रोज रात्री मुखवटा इमानेइतबारे लावतो, तो बीपीची गोळीही वेळेवर घेतो, मीठही कमी खातो. जुन्या पाहण्यांतला फायदा मशीनचा किती आणि त्या शिस्तीचा किती?

माहुलीकर

आपल्याकडचंही एक सांगतो. चेन्नईत डेटा एन्ट्रीचं काम करणाऱ्या ४५२ जणांवर अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला, २०२१ साली छापून आला. मनगटाला यंत्र बांधून मोजलं तर मंडळी आठ तास अंथरुणात, पण झोप जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज. त्यांना पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, असं दिलं. झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. पण कामाचा उरक, मनःस्थिती, तब्येत, कशातच म्हणावा असा फरक नाही! उलट, ज्यांना कामाच्या जागी दुपारी अर्धा तास डुलकी काढू दिली, त्यांचा उरकही सुधारला आणि मनही. तुकड्या-तुकड्यांनी तुटणारी रात्रीची झोप आणखी थोडी लांबवणं वेगळं, शांत जागी सलग मिळालेली अर्धा तास झोप वेगळी, असं असू शकेल. शिकागोचे अकरा तरुण प्रयोगशाळेत होते, त्यांना डास चावत नव्हते. बाण खरा असला तरी आपण लावलेला उपाय नेमका त्या जागी बसेलच असं नाही.

आणि घड्याळाकडे बघा. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावरची. सातारा-सांगली त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य इथे अर्ध्या तासाहून उशिरा मावळतो, शाळा मात्र घड्याळाने भरते. अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतभरच्या आकड्यांवरून दाखवलंय, की सूर्यास्त उशिरा तिथे मुलं उशिरा झोपतात, एकूण झोप कमी होते आणि शिक्षणही मागे पडतं. सूर्यास्त काही पालकांच्या पगाराकडे बघून होत नाही, म्हणून हा पुरावा मला जड वाटतो. सकाळी सातच्या शाळेचा आग्रह धरणाऱ्यांनी जरूर वाचावा.

वारणाकाठ

सर, तुमचं लाईटच्या पाळीचं डोक्यातनं जाईना. आमच्या गटातली पोरं तयार हायती. माझ्याकडं बीपीचं मशीन हाय. कसं मोजायचं तेवढं सांगा.

माहुलीकर

वा! सगळ्यांचं एकाच वेळी मोजा, सकाळी, दारं धरून आल्यावर लगेच नको. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर, दर वेळी तोच हात. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. तंबाखू आणि चहा त्याआधी अर्धा तास बंद, नाहीतर तंबाखूचंच बीपी मोजाल. वहीत लाईट कधीची होती ते दुसऱ्या पानावर लिहा आणि मोजणाऱ्याला ते पान दाखवू नका. कुणाची गोळी मधेच बदलली तर तेही नोंदवा. गोळी आपल्या मनाने कुणी बंद करायची नाही.

आणि एक लक्षात ठेवा. यातून 'रात्रीच्या पाण्याचं' उत्तर मिळेल, एकट्या झोपेचं नाही. थंडी, चिखल, बिबट्या, सगळं त्यातच आलं.

तंबोरा_मिरज

कुणाचा वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० दिसला, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, असं काही सोबत असेल तर थांबूच नका.

वारणाकाठ

बरं डॉक्टर. ह्या आठवड्यात रातीचीच लाईट हाय, तवा सुरवात वाईट बाजूनंच हुईल. मशीनला सेल घालून ठेवलं.